द्राक्षबागेत गोडी छाटणीनंतर डोळे न फुटण्याचे कारण उडद्या की पेस्टिंग, आणि पाहणी कशी करावी?

प्रश्न (दिंडोरी, जि. नाशिक):
नमस्कार. आमच्या थॉमसन जातीच्या द्राक्षबागेची गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, येत्या आठवड्यात आहे. गेल्या हंगामात बांधालगतच्या ओळींत काड्यांवरचे बरेच डोळे (ज्यांतून नवी फूट येते त्या कळ्या) फुटलेच नाहीत. मजुरांच्या मते डोळे फुटावेत म्हणून छाटणीनंतर लावायची पेस्ट नीट लागली नव्हती, तर शेजारच्या बागायतदारांच्या मते ते उडद्याचे, म्हणजे डोळे खाणाऱ्या भुंगेऱ्याचे काम होते. यंदा पिवळे चिकट सापळे लावले आहेत, परंतु त्यांत चिलटांखेरीज फारसे काही दिसत नाही. नुकसान होण्याआधी कीड ओळखायची तर पाहणी केव्हा आणि कोठे करावी?

उत्तर (तासगाव, जि. सांगली):
न फुटलेला डोळा ब्लेडने उभा कापून पाहावा. आतला भाग हिरवा असेल तर डोळा जिवंत आहे, आणि तेथे पेस्टिंगबद्दल शंका घेता येते. परंतु डोळा वरून कुरतडलेला व आतून पोकळ झालेला असेल तर तो उडद्यानेच खाल्लेला असतो. हा भुंगेरा जेमतेम साडेचार मिलिमीटर लांबीचा, तांबूस चकचकीत असून त्याच्या पंखांवर सहा काळसर ठिपके असतात. दिवसा तो खोडाच्या सुटलेल्या सालीखाली आणि बांबूंच्या फटींत दडून राहतो व संध्याकाळी डोळ्यांवर येतो, म्हणून दुपारी बागेत फेरी मारून ‘कीड नाही’ असे ठरवणे धोक्याचे आहे. डोळे फुगू लागल्यापासून पाने सुटेपर्यंत रोज सूर्यास्ताच्या सुमारास ओलांड्याखाली (वेलीच्या आडव्या वाढवलेल्या मुख्य फांदीखाली) उलटी छत्री धरून काडी झटकावी. भुंगेरे पाय आखडून मेल्यासारखे खाली पडतात आणि तेथेच मोजता येतात. सुरुवात बांधाकडच्या ओळींपासूनच करावी.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. म्हणजे चिकट सापळ्यांचा काहीच उपयोग नाही का?

उत्तर (पीक संरक्षण विषयाचा अध्यापक, पुणे):
सापळ्यांचा उपयोग आहे, पण तो उडद्यासाठी नव्हे. फुलकिडे व तुडतुडे बागेत येऊ लागल्याची सूचना त्यांवरून मिळते. फवारणीचा निर्णय मात्र कोवळ्या शेंड्यांवरूनच घ्यावा. शेंडा पांढऱ्या कागदावर हलकेच आपटल्यास फुलकिड्यांची पिवळसर पिल्ले कागदावर चालताना दिसतात. फुलोऱ्यापासून मणी धरेपर्यंत ही पाहणी अधिक काटेकोरपणे करावी, कारण या काळात फुलकिड्यांनी खरवडलेल्या मण्यांवर पुढे तपकिरी खरबरीत डाग राहतात आणि तो माल निर्यातीतून बाद होतो. जवळपास मिरचीचे पीक असेल तर त्या बाजूकडे विशेष लक्ष द्यावे. तोच फुलकिडा दोन्ही पिकांवर जगतो.

पिठ्या ढेकणाचा (रस शोषणाऱ्या पांढऱ्या, पिठूळ किडीचा) माग काढायचा असल्यास त्याच्या गोड स्रावासाठी खोडावर चढणाऱ्या मुंग्यांकडे पाहावे. मुंग्यांची रांग ज्या वेलीवर दिसेल तेथील सुटलेली साल काढून आत पाहावे, ती साल बागेबाहेर नेऊन जाळावी आणि त्या वेलीला रिबिन बांधून ठेवावी, म्हणजे घड सुटल्यावर आधी तीच तपासता येईल.

कीटकनाशक निवडताना मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची चालू हंगामाची शिफारस यादी व काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी (शेवटची फवारणी व काढणी यांत ठेवायचे दिवस) पाहावा. उडद्यावरील फवारणी त्याच्या खाण्याच्या वेळी, म्हणजे संध्याकाळी करावी आणि त्या वेळी खोड, ओलांडे व बांबूही भिजवावेत, अन्यथा दडून बसलेले भुंगेरे वाचतात.