रॅमच्या आधी बॅटरी बघा

कॉम्प्युटर चालू करताना निळा एरर स्क्रीन येतो, या प्रश्नावर वर कुणीतरी सुचवलंय की रॅम (कॉम्प्युटरची तात्पुरती मेमरी) २ जीबीची ४ केली की तो जाईल; हे मला पटत नाही. रॅम वाढवा जरूर, पण मूळ प्रश्नातच लिहिलंय की रोज सकाळी तारीख २००९ वर जाते आणि मग विंडोज ७ चालू होता होता ०x७बी एरर (विंडोजची डिस्क सापडत नाही, असा अर्थ) येते. हे लक्षण मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी (वीज बंद असताना घड्याळ आणि सेटिंग्ज जपणारा नाण्यासारखा सेल) संपत आल्याचं आहे.

माझ्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरच्या कॉम्प्युटरला अगदी हेच झालं होतं. रात्री मेन स्विच बंद केला की बायोसची (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रामची) सेटिंग्ज पुसली जायची आणि साटा मोड, म्हणजे हार्ड डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआयवरून परत जुन्या आयडीईवर यायचा. विंडोज एएचसीआयमध्ये टाकलेलं, त्यामुळे त्याला स्वतःची हार्ड डिस्कच सापडायची नाही. बॅटरी काढून मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावला तर २.४ व्होल्ट, नवी ३ च्या वर दाखवते. प्लग काढा, कडेची छोटी क्लिप नखाने दाबा, सेल आपोआप वर उडतो. नवा बसवताना + ची बाजू वर. मग बायोसमध्ये तारीख आणि साटा मोड (विंडोज टाकताना होता तोच) दोन्ही स्वतः लावून एफ१० ने सेव्ह करा. कृपया त्याआधी विंडोज फॉरमॅट करू नका, डेटा सगळा शाबूत असणार.