सगळ्या तारखा १९७० पासूनच्या सेकंदांतच ठेवा

सेकंदकाटा: प्रोग्रामात वेळ एकाच रूपात असावी: १ जानेवारी १९७०, यूटीसी (जगाची प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले तो आकडा. वजाबाकी केली की अंतर मिळतं. पुणं की न्यूयॉर्क, ते दाखवताना बघायचं. तारखा अक्षरांत साठवलेला कोड निस्तरून वीट आलाय.

आडवाट: घडून गेलेल्या घटनेसाठी मान्य. पण जन्मतारीख? १५ ऑगस्ट १९८५, भारतीय मध्यरात्र, सेकंदांत कोंबली की यूटीसीवरचा सर्व्हर १४ ऑगस्ट, १८:३० दाखवतो. हे १८:३० दिसलं की आपल्याकडचा डेव्हलपर कपाळाला हात लावतो. जन्मतारीख हा क्षण नाहीच, कॅलेंडरवरचा चौकोन आहे.

सेकंदकाटा: दोष तारीख दाखवणाऱ्या कोडचा. टाइमझोन लावा, झालं.

आडवाट: कुठला? जन्म दुबईचा, फॉर्म भरला लंडनहून, सर्व्हर मुंबईत. आणि पुढच्या तारखांचं काय? इजिप्तने २०२३ च्या मार्चमध्ये जाहीर केलं की एप्रिलअखेरपासून घड्याळं तासभर पुढे. त्याआधी कुणी कैरोतली जूनमधली सकाळी १० ची मीटिंग सेकंदांत साठवली असेल, तर ती ११ ला दिसायला लागली. लोक १० लाच येऊन बसणार. तिथे स्थानिक वेळ आणि ठिकाणाचं नावच साठवायला हवं.

पंचांगवाला: मूळबिंदूपासून मोजणं आपल्याला नवं नाही. गणेश दैवज्ञांनी ग्रहलाघव या ग्रहगणिताच्या ग्रंथात शके १४४२ पासून अहर्गण, म्हणजे दिवस, मोजले. आकडा फुगू नये म्हणून ४०१६ दिवसांचं एक चक्र धरलं, पण कितवं चक्र तेही सोबत ठेवलं. सेकंदांचा आकडा ३२ बिटांत बसवणाऱ्यांनी तेवढंही केलं नाही. १९ जानेवारी २०३८ ला आपल्याकडे सकाळचे ८:४४:०७ झाले की पुढच्या सेकंदाला आकडा मावेनासा होऊन ती यंत्रं १९०१ मध्ये.

सेकंदकाटा: म्हणून तर ६४ बिट आलं. तो प्रश्न जुन्या यंत्रांपुरता.

लीपवीर: मुळात हे खरे सेकंद तरी आहेत का? १९७२ पासून यूटीसीत २७ लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळवायला जादा सेकंद, घातले गेले, तुमच्या आकड्यात त्यातला एकही नाही. प्रत्येक दिवस ८६,४०० चा, हे गृहीतच धरलंय. म्हणे वजाबाकी केली की अंतर मिळतं!

सेकंदकाटा: २७ सेकंदांनी कुणाचा पगार अडला? जन्मतारखेला वेगळा कॉलम देतो. मीटिंगचं बघू. लॉगला, म्हणजे घडून गेलेल्या घटनांच्या नोंदींना, मात्र हात लावू देणार नाही.

आडवाट: लॉगबद्दल बोलतंय कोण? मीटिंगचंच बोला.