प्रतिसाद: ठाण्यात दूध-तुपाविना बाहेर जेवताना

ठाण्यात शाकाहारी उपाहारगृहे पुष्कळ असली, तरी दूध-तूपही वर्ज्य करणाऱ्याने काय मागवावे, हा वर विचारलेला प्रश्न मला फार जवळचा वाटतो, कारण माझ्या मुलीने दुग्धजन्य पदार्थ सोडल्यापासून आम्ही तो रोज सोडवत आहोत. ‘शुद्ध शाकाहारी’ ही पाटी किंवा वेष्टनावरचा हिरवा ठिपका दूध वगळत नाही. वनस्पतीजन्य पदार्थांसाठी २०२२ च्या नियमांनुसार निराळे चिन्ह आहे, पण ते पाकिटांपुरते.

नौपाड्यातील एका ठिकाणी ‘तूप नको’ असे स्पष्ट सांगूनही डोसा लोण्यात भाजून आला, कारण त्यांच्या लेखी लोणी म्हणजे तूप नव्हे. तेव्हापासून आम्ही दूध, दही, तूप, लोणी, पनीर आणि मध अशी एकेक वस्तू नाव घेऊन सांगतो. पिठले-भाकरी, भरली वांगी, कोथिंबीर वडी, मिसळ हे पदार्थ बहुधा तेलातच होतात, मात्र पावाला लोणी लावू नये असे आधीच सांगावे. साबुदाण्याच्या खिचडीत तूप आणि खोबऱ्याच्या चटणीत दही असू शकते, म्हणून तेवढे विचारून घ्यावे, आणि शक्यतो गर्दीची वेळ टाळावी, कारण निवांत वेळी स्वयंपाकघरात नीट चौकशी केली जाते.