शब्दचर्चा: ‘होमोफोनिक’ला (ज्या गुप्तलिपीत एकाच अक्षराला किंवा अंकाला अनेक चिन्हं असतात, तिला) मराठीत काय म्हणावं?

सोलापुरी चाटी: कापडाच्या चिठ्ठीवर खरेदीचा भाव अक्षरांत टाकायची दुकानदारांची जुनी रीत. दहा वेगळी अक्षरं येतील असं वाक्य घ्यायचं, काना-मात्रा सोडायच्या. नमुन्याला मीच एक रचलं: ‘लुगडी विकून पैसा घरी’. ल १, ग २, ड ३ असं करत घ ९, र ०. म्हणजे १२०० ची इरकल ‘लगरर’. पण शेवटी जोडीनं येणारा र बघून कुणीही शून्य ओळखतं. म्हणून शून्याला र, ट, म, ह अशी चार अक्षरं द्यायची: एकीवर ‘लगटह’, दुसरीवर ‘लगमर’. या प्रकाराला ‘समध्वनी’ चालेल का?

विषमचरण: नको. वाचणारा उच्चारात शोधत बसेल, आणि इथं आवाजाचा काही संबंध नाही. ‘बहुपर्यायी’ प्रश्नपत्रिकांनी पळवलाय. ‘पर्यायाक्षरी’ म्हणा. युक्ती जुनीच, इटलीत मांतुआच्या १४०१ च्या किल्लीत (कुठल्या अक्षराला कुठलं चिन्ह, त्या यादीत) स्वरांना अशी जादा चिन्हं आहेत. कुठलं चिन्ह किती वेळा येतं ते मोजून गुप्तलिपी फोडायची रीत अरब विद्वान अल-किंदीनं नवव्या शतकातच लिहून ठेवली होती. त्यावरची ही तोड. म्हणून जे जास्त येतं त्यालाच जास्त पर्याय. सगळ्या अंकांना सारखेच दिले, तर शून्याची चिन्हं तरीही उठून दिसतील.

सोलापुरी चाटी: आणि एकदा बदललेलं पुन्हा दुसऱ्या वाक्यानं बदललं तर?

विषमचरण: वाया मेहनत. दोन अदलाबदली मिळून शेवटी एकच तिसरी अदलाबदल होते. कामसूत्राच्या जयमंगला टीकेतली मूलदेवीय ही गुप्तलिपी (च-ट, त-प, न-म अशा जोड्यांची अदलाबदल) वर चढवली तरी तेच.

किल्लीदार: पहिल्या अंकाला एक वाक्य, दुसऱ्याला दुसरं, असं आळीपाळीनं घ्या. इटलीच्या बेलासोनं १५५३ मध्ये किल्लीशब्दानं, म्हणजे कुठल्या अक्षराला कुठली यादी ते ठरवणाऱ्या शब्दानं, हेच केलं. या प्रकाराला ‘बहुवर्णमाला’ हा शब्द बोजड वाटतो, मी ‘फिरती किल्ली’ म्हणेन. लांब मजकुरात किल्लीची लांबी (किती अक्षरांनी ती पुन्हा सुरू होते) सापडते, ती रीत कासिस्कीनं १८६३ मध्ये छापली. चार अक्षरांच्या चिठ्ठीत मोजायला आहेच काय? पण गठ्ठाभर चिठ्ठ्या हाती लागल्या तर मात्र आहे. शिवाय शेजारीच विक्रीची किंमत छापलेली असते. तीवरून पहिलं अक्षर जाणकार गिऱ्हाईक अंदाजानं काढतंच.

सोलापुरी चाटी: ‘पर्यायाक्षरी’ घेतला. फिरती किल्ली पटली, पण गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत दोन-दोन वाक्यं कोण सांभाळणार बे? शून्यालाच चार अक्षरं देतो.