मदत हवी आहे: गच्चीवरच्या तारेत स्टेशनांपेक्षा खरखरच जास्त

गच्चीवरचा_कान

मंडळी, शॉर्टवेव्ह ऐकायला गच्चीवर तार टाकली आहे, पण स्टेशनांच्या आधी गोंगाटच येतो. सगळा तपशील एकदाच देतो.

जागा: पुणे, सात मजली इमारत, घर सहाव्या मजल्यावर.
रेडिओ: टेकसन पीएल-६६०, बहुतेक वेळा अडॅप्टरवर.
अँटेना: साधी इन्सुलेशनची तांब्याची वायर, १२ मीटर, पाण्याच्या टाकीपासून जिन्यावरच्या खोलीपर्यंत आडवी. खोलीपासून तीच वायर भिंतीला खेटून ९ मीटर खाली बाल्कनीत आणि तिथून ३.५ मिमी पिनच्या टोकाला. अर्थ कुठेच नाही.

लक्षणं:
१. ४९ आणि ४१ मीटर बँडवर कुठेही गेलं तरी रेडिओचा सिग्नल-मीटर पूर्ण भरलेला, आवाज मात्र भणभणीचा. १९ मीटरला त्रास कमी.
२. साधारण दर ६० किलोहर्ट्झला गोंगाटाचा एक ढिगारा लागतो. तासाभराने तेच ढिगारे थोडे सरकलेले असतात.
३. मधूनच १५–२० सेकंद जोरदार किरकिर होते आणि एकदम थांबते.
४. तार काढून बाल्कनीत नुसत्या रेडिओच्या दांडीवर ऐकलं तर स्टेशन बारीक येतं, पण जास्त समजतं!

तार लांब करू, ॲम्प्लिफायर लावू, की अँटेनाच बदलू? दोन हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे.

तारवाला

ॲम्प्लिफायर घेऊ नका. मीटरच्या त्या काड्या स्टेशनच्या नाहीतच, गोंगाटाच्या आहेत. ॲम्प्लिफायर दोघांनाही सारखंच उचलतो, वर स्वतःची भर घालतो. बघायचं ते स्टेशन आणि खरखर यांच्यातलं अंतर. दांडीवर जास्त समजतं हे तुम्ही स्वतःच लिहिलं आहे, त्यातच अर्धं उत्तर आहे.

१९ मीटरला त्रास कमी हे ठीकच. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ) पी.३७२ शिफारशीत निवासी वस्तीतल्या मानवनिर्मित गोंगाटाचं जे सूत्र आहे, त्याप्रमाणे फ्रिक्वेन्सी दहापट झाली की गोंगाट सुमारे २८ डेसिबल उतरतो. ६ वरून १५ मेगाहर्ट्झला (४९ वरून १९ मीटरला) गेलात की ११ डेसिबल आपोआप कमी. त्याच हिशेबाने १० मेगाहर्ट्झवर वस्तीतला गोंगाट उष्णताजन्य गोंगाटाच्या ४५ डेसिबल वर असतो. म्हणजे तुमच्या रेडिओची संवेदनशीलता आधीच गरजेपेक्षा जास्त आहे, अडचण तिची नाही.

आता तपासणी, याच क्रमाने:

रेडिओत सेल घाला आणि अडॅप्टर भिंतीतून काढा. रेडिओकडची पिन काढून भागत नाही, सॉकेटमध्ये असेपर्यंत तो आतून चालूच असतो. ४१ मीटरवर एक रिकामी जागा पकडा. जोडीला १०००० किलोहर्ट्झ ठेवा. तिथे चीनचं बीपीएम हे वेळसंकेत केंद्र सेकंदासेकंदाला टिकटिकतं. टिकटिक किती स्पष्ट येते ही तुमची मोजपट्टी.

मग मेन एमसीबी पाडा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही त्याच्या बटणावरून बंद करा. ही चूक सर्रास होते: मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं वीज गेली, तो चालू होतो आणि त्याचाच गोंगाट ऐकत आपण शेजाऱ्यांना दोष देतो. अंधारात जे उरेल ते बाहेरचं. नंतर एकेक एमसीबी चढवा, काय वाढलं ते लिहून ठेवा.

अँटेनाचं डीएक्स-नॉर्मल-लोकल बटण लोकलवर (सर्वांत कमी संवेदनशीलता) टाकूनही बघा. शॉर्टवेव्हवर मध्येच पुणे आकाशवाणीचं ७९२ किलोहर्ट्झ ऐकू येत असेल तर रेडिओ ओव्हरलोड होतोय, तो वेगळा आजार.

खरखरशास्त्री

आवाजावरून बरंच कळतं.

ठरावीक अंतराने ढिगारे, आणि तापमानाबरोबर सरकणारे: हा स्विचिंग पॉवर सप्लाय (वीज भराभर चालू-बंद करून व्होल्टेज बदलणारा). ढिगाऱ्यांमधलं अंतर म्हणजे त्याची स्विचिंगची गती. संशयित: फायबरच्या राउटरचा अडॅप्टर, सेट-टॉप बॉक्स, आरओ फिल्टरचा २४ व्होल्टचा सप्लाय, सीसीटीव्हीचा डबा, स्वस्त मोबाइल चार्जर.

सलग, खरबरीत भणभण, सेकंदाला शंभर ठोक्यांची: एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर किंवा ट्रायॅकचा (विजेची लाट मध्येच तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) रेग्युलेटर. पंख्याचा टप्प्याटप्प्याने टक-टक फिरणारा रेग्युलेटर बहुधा कपॅसिटरचा असतो, तो गप्प. गुळगुळीत फिरणारा, टप्पे नसलेला ट्रायॅकचा असतो आणि तो ओरडतो, त्यातही मधल्या वेगावर सर्वांत जास्त. हल्लीचे बीएलडीसी पंखेही निरागस नाहीत, त्यांच्या टोपीत अख्खा स्विचिंग सप्लाय बसलेला असतो.

१५–२० सेकंद येऊन थांबणारी किरकिर: लिफ्ट. ड्राइव्ह व्हीएफडी (मोटरचा वेग इलेक्ट्रॉनिक पद्धतीने बदलणारा) असेल तर लिफ्ट हलते तेवढाच वेळ. कुणाला तरी वरखाली करायला सांगा, दोन मिनिटांत खात्री.

आणि कडाड्-कडाड् तुटक आवाज असतील तर ती विजांची खरखर. मे ते ऑक्टोबर रात्रीच्या ४९ मीटरवर ती असणारच, तिचा इथे विचार करू नका.

गच्चीवरचा_कान

केलं सगळं. निकाल:

मेन आणि इन्व्हर्टर बंद: ६० किलोहर्ट्झचे ढिगारे पूर्ण गायब. भणभण निम्मी. अधूनमधूनची किरकिर तशीच, आणि ती लिफ्टच.
ढिगारे: राउटरचा १२ व्होल्ट अडॅप्टर.
घरातली भणभण: हॉलच्या पंख्याचा गुळगुळीत रेग्युलेटर. टप्प्यांचा आणून बसवला, ती भणभण गेली.
ओव्हरलोड नाही.

राउटर बंद ठेवता येत नाही. उरलेली भणभण बाहेरची आहे. आता?

खरखरशास्त्री

राउटरला दोन उपाय. पहिला: अडॅप्टरच्या डीसी वायरीवर, अगदी अडॅप्टरजवळ, क्लिपवाला फेराइट (वायरीवरचा गोंगाट अडवणारं चुंबकीय कडं). पण वायर त्यातून एकदाच काढली तर १० मेगाहर्ट्झखाली फारसा उपयोग नाही. इम्पीडन्स (गोंगाटाला होणारा अडथळा) वेढ्यांच्या वर्गाने वाढतो: पाच वेळा ओवलीत तर पंचवीस पट. म्हणून मोठ्या भोकाचा घ्या आणि बसतील तेवढे वेढे घाला.

दुसरा: ट्रान्सफॉर्मरवाला जुना जड अडॅप्टर. त्यात एक फसगत आहे. त्याच्यावर १२ व्होल्ट लिहिलेलं असलं तरी भार नसताना तो १६ पर्यंत चढतो आणि राउटर बिघडू शकतो. मध्ये ७८१२ रेग्युलेटर (१२ व्होल्ट स्थिर ठेवणारी चिप) टाका. त्याला भारावरही किमान साडेचौदा व्होल्ट मिळायला हवेत, आणि एक अँपिअर जात असेल तर हीटसिंक हवाच.

वेढे_मोजणारा

मूळ दुखणं कुणी धरलंच नाही. ती भिंतीलगतची ९ मीटर. ती वायर उतरण नाही, अँटेनाच आहे, आणि तीही प्रत्येक मजल्याच्या वायरिंगला खेटून. गच्चीवरचे १२ मीटर स्वच्छ हवेत आणि खालचे ९ मीटर गटारात, असा प्रकार आहे. तार लांब केल्याने हे सुटणार नाही. उतरण मुकी करा, म्हणजे तिने स्वतः काही पकडता कामा नये.

लागेल ते:

बायनॉक्युलर (दोन भोकांचं) फेराइट, बीएन-४३-२०२, एक.
३० गेजची एनॅमल वाइंडिंग वायर, मीटरभर.
आरजी-६ कोॲक्स (जाळीच्या आवरणाची केबल), १५ मीटर. केबल टीव्हीचीच. ७५ ओहम असली तरी ऐकायला काही फरक पडत नाही, आणि एवढ्या लांबीत १० मेगाहर्ट्झवर अर्धा डेसिबलही जात नाही.
एफटी-२४०-३१ रिंग (३१ हा फेराइटचा प्रकार) दोन, आरजी-१७४ बारीक कोॲक्स अडीच मीटर.
झाकणाची पीव्हीसी डबी, एफ कनेक्टर आणि सॉकेट.

ट्रान्सफॉर्मर: एका भोकातून जाऊन दुसऱ्यातून परत आलं की एक वेढा. अँटेनाकडे ९ वेढे, कोॲक्सकडे ३ वेढे. दोन वाइंडिंग वेगवेगळ्या, कुठेही जोडायच्या नाहीत. बाजारात मिळणाऱ्या अशाच ९:१ (इम्पीडन्सचं गुणोत्तर) डब्यांपैकी बऱ्याच डब्यांत त्या आतून एकत्र असतात. मग कोॲक्सच्या जाळीवरून चढलेला घरातला गोंगाट सरळ अँटेनात जातो. डाग दिल्यावर मल्टिमीटरने अँटेनाचं टोक आणि कोॲक्सची जाळी यांच्यात मोजा, सर्किट उघडं दिसलं पाहिजे. भोकाच्या कडेला एनॅमल खरवडलं जातं, तिथे हमखास शॉर्ट होतो. आधी कडेला टेफ्लॉन टेपचा तुकडा लावा.

जोडणी: ९ वेढ्यांचं एक टोक आडव्या तारेला. दुसरं टोक ६ मीटरच्या वेगळ्या इन्सुलेटेड वायरीला, ती कठड्यावरून तारेच्या उलट दिशेला अंथरा. हे टोक घरच्या अर्थिंगला लावू नका, इमारतीच्या वीजरोधक पट्टीला तर मुळीच नाही. ३ वेढे एफ सॉकेटला.

चोक (कोॲक्सच्या बाहेरून येणारा गोंगाट अडवणारा): प्रत्येक रिंगवर आरजी-१७४ चे १२ वेढे. एका वेढ्याला साधारण ६–७ सेंटिमीटर जातात, म्हणून सव्वा मीटरचा तुकडा पुरतो. एक चोक गच्चीवर ट्रान्सफॉर्मरला लागून, दुसरा कोॲक्स घरात शिरते तिथे. आरजी-६ रिंगवर गुंडाळू नका, ती ताठ असते, आतला फोम चेपतो. तिच्या जाळीला डागही बसत नाही, ॲल्युमिनियम असतं. टोकांना एफ कनेक्टरच.

तारवाला

बरोबर. शेवटी एक चाचणी जोडा: सगळं बसल्यावर फक्त आडवी तार आणि कठड्यावरची वायर ट्रान्सफॉर्मरवरून सोडवा, कोॲक्स तशीच राहू द्या. रेडिओ जवळजवळ मुका झाला पाहिजे. तरीही भणभण असेल तर ती कोॲक्सच्या बाहेरून येतेय, चोक कमी पडतोय.

लूपप्रेमी

एवढा खटाटोप करण्यापेक्षा बाल्कनीत ट्यून्ड लूप. ६ मिमी तांब्याच्या नळीचा १ मीटर व्यासाचा गोल, इंडक्टन्स ३.२ मायक्रोहेन्रीच्या आसपास. टोकांना जुन्या रेडिओतला ३६५ पिकोफॅरडचा गँग (फिरवायचा कपॅसिटर). साधारण ४.६ ते १५–१६ मेगाहर्ट्झ मिळतं, म्हणजे ४९ ते १९ मीटर सगळं. आत २० सेंटिमीटरचा छोटा गोल, तो कोॲक्सला. गोलाचा चेहरा गोंगाटाकडे वळवला की गोंगाट पडतो.

वेढे_मोजणारा

लूप उत्तमच, पण बाल्कनीत नाही. वायरिंग दोन मीटरवर असेल तर गोंगाट एका दिशेने येतच नाही, चेहरा वळवणार कुणीकडे? गच्चीवर लूप ठेवलात तर गँग फिरवायला प्रत्येक वेळी वर जावं लागेल, कारण फ्रिक्वेन्सी थोडी हलली की पुन्हा ट्यून करावं लागतं. गच्ची मिळतेय तर आधी तार.

गच्चीवरचा_कान

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ फिरलो. बायनॉक्युलर मिळाला. ३१ च्या रिंग नाहीत. एका दुकानात पिवळी-पांढरी मोठी रिंग स्वस्तात मिळतेय, दुसऱ्याकडे काळपट राखाडी, नंबर नसलेली. कुठली घेऊ?

वेढे_मोजणारा

पिवळी-पांढरी अजिबात नको. ती कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधली लोहचूर्णाची रिंग, फेराइट नव्हे. परमिॲबिलिटी (चुंबकत्व धरण्याची क्षमता) ७५ च्या आसपास, बारा वेढ्यांत चोक होणारच नाही.

राखाडीला मल्टिमीटरच्या सुया टोचा, रंग नसलेल्या जागी. किलोओहममध्ये काहीतरी दिसलं तर मँगनीज-झिंक. ३१ त्याच जातीचं आहे, पण पॉवर सप्लायच्या ट्रान्सफॉर्मरचं फेराइटही त्याच जातीचं, तेव्हा एवढ्यावर ३१ समजू नका. मीटर उघडं दाखवत असेल तर निकेल-झिंक, ४३ वगैरे. तेही चालेल, १४–१५ वेढे घाला. नक्की काय ते रेडिओच सांगेल: घरात शिरण्याच्या जागी चोक घालून आणि काढून त्याच रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर ऐका. फरक नसेल तर रिंग परत करा.

गच्चीवरचा_कान

राखाडी रिंगा निकेल-झिंक निघाल्या, १४ वेढे घातले. ट्रान्सफॉर्मर जिन्यावरच्या खोलीच्या भिंतीवर बसवला, कारण तार तिथूनच खाली येत होती.

तार सोडवून चाचणी: रेडिओ मुका. तार लावल्यावर: ४१ मीटरवर मीटर पाचवरून दोनवर आला, पण आधी न लागणारी स्टेशनं समजतात. बीपीएमची टिकटिक स्पष्ट. १९ मीटरवर स्टेशन आधीपेक्षा बारीक. लिफ्टची किरकिर कमी झाली, गेली नाही.

तारवाला

१९ मीटरचं बारीक होणं सोडून द्या, आवाज वाढवा. मागे खरखर नसेल तर काही गमावलेलं नाही.

लिफ्टची मशीनरूम कुठे आहे? जिन्यावरच्या खोलीच्या डोक्यावर का?

गच्चीवरचा_कान

हो. ट्रान्सफॉर्मरपासून जेमतेम दोन मीटर.

तारवाला

हे आम्ही आधीच विचारायला हवं होतं. ट्रान्सफॉर्मर आणि कठड्यावरची वायर ड्राइव्हच्या मांडीवर बसली आहे. अख्खी अँटेना उलटी करा: ट्रान्सफॉर्मर टाकीच्या टोकाला, कोॲक्स त्या बाजूने खाली. आडवी तार मशीनरूमकडे न नेता समोरच्या कठड्यावर बांबू बांधून तिकडे. मशीनरूमपासून जेवढी लांब आणि जमेल तितकी काटकोनात. कोॲक्स पाच-सहा मीटर जास्त लागली तरी हरकत नाही.

सोसायटीच्या लिफ्टवाल्याला दोन गोष्टी बघायला सांगा: ड्राइव्हपासून मोटरपर्यंतची केबल शील्डची आहे का, आणि शील्ड दोन्ही टोकांना पूर्ण गोल क्लॅम्पने अर्थ केलं आहे का. शील्डची शेपटी पिळून एका स्क्रूखाली दाबलेली असते, ती शॉर्टवेव्हला जवळजवळ नसल्यासारखीच. मशीनरूममध्ये तुम्ही स्वतः हात घालू नका.

खरखरशास्त्री

हलवतच आहात तर पावसाळ्याची सोय आत्ताच करा. कोॲक्स घरात शिरण्याआधी बाल्कनीच्या बाहेर एक एफ जोड ठेवा. ढग दाटायच्या आधी, आभाळ शांत असताना तो सोडवायचा आणि बाहेरचं टोक पालथ्या प्लास्टिक बरणीत ठेवायचं. पाणी जाळीतून शिरलं की कोॲक्स महिन्याभरात काळी पडते. पीव्हीसी डबीला तळाशी ३ मिमीचं भोक ठेवा. पूर्ण सील केलेल्या डबीत घाम साचतो आणि ट्रान्सफॉर्मर हिरवा होतो.

गच्चीवरचा_कान

टाकीच्या टोकाला हलवलं. लिफ्ट चालू असताना ४१ मीटरवर आता बारीक चुरचुर येते, ४९ वर थोडी जास्त. ३१ आणि २५ मीटरवर शोधूनही सापडत नाही. केबलच्या शील्डचं सेक्रेटरींना लिहून दिलं आहे. डबीला भोक पाडलं.