टाकी तीच चालेल, पण खाडीचं पाणी नको

दोन फुटी टाकीतले गोड्या पाण्यातले एंजल मासे देऊन त्यातच क्लाउनफिश, म्हणजे समुद्री मासे, ठेवायचे म्हणताय, आणि वर कुणी वाशी खाडीचं पाणी आणायला सांगितलंय. कृपा करून ते करू नका. खाडीत सांडपाणी मिसळतं, भरती-ओहोटीबरोबर खारटपणाही बदलतो. आरओच्या पाण्यात समुद्री मीठ घाला, लिटरला साधारण ३५ ग्रॅम, आणि सापेक्ष घनता (साध्या पाण्याच्या तुलनेत) १.०२५ वर आणा. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायचं उपकरणच घ्या. घरच्या आरओत तांब्याचं कार्ट्रिज असेल तर ते पाणी वापरू नका, तांबं कोळंबी-गोगलगायींना मारतं. जुन्या टाकीत कधी तांब्याचं औषध घातलं होतं का, तेही आठवा.

मी घोडबंदर रोडला राहते. पहिल्याच मे महिन्यात टाकीचं पाणी ३१ अंशांवर गेलं; समुद्री टाकीला २५-२६ लागतं. पंखा लावला तर पाणी भराभर आटायला लागलं. पाणी आटतं, मीठ मागे राहतं, हे लक्षात येईपर्यंत झाकणाच्या कडेला मिठाचा पांढरा थर धरला होता आणि माझी कोळंबी गेली होती. फार वाईट वाटलं. तेव्हापासून काचेवर टेपची खूण आहे. रोज सकाळी त्या खुणेपर्यंत साधं आरओ पाणी घालते, मिठाचं नाही. चिलरचे, म्हणजे पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राचे पैसे आधी बाजूला काढा.

खडक मांडल्यावर चार ते सहा आठवडे थांबा, माशांना विषारी असलेले अमोनिया-नायट्राइट शून्यावर येऊ देत. जिवंत प्रवाळ कुणी देऊ केलं तरी घेऊ नका, वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे. आणि क्लाउनची जोडी टाकीत पैदास झालेलीच मागा.