मदत हवी आहे: स्विचवर एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन) फक्त ॲडमिन व्हीलॅनपुरतं (ॲडमिनच्या वेगळ्या आभासी नेटवर्कपुरतं) ठेवायचं आहे

वेर्णा आणि पणजीतल्या सिस्को कॅटॅलिस्ट स्विचवर व्हीटीवाय (दुरून लॉगिनच्या) ० ते १५ सगळ्या लाइनना 'ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच' (फक्त एसएसएच चालेल) आणि 'ॲक्सेस-क्लास १० इन' (यादी १० मधल्या पत्त्यांनाच प्रवेश) लावलंय. (फक्त ० ते ४ ला लावलं तर ५ ते १५ उघड्या राहतात, हे बरेच जण विसरतात.) यादी १० मध्ये १०.२०.३०.० ला वाइल्डकार्ड ०.०.०.२५५ ने (म्हणजे १०.२०.३०.० ते १०.२०.३०.२५५ या पत्त्यांना) परवानगी आहे, शेवटी 'डिनाय एनी लॉग' (बाकी सगळे नाकारून नोंद).

व्हीलॅनच्या पत्त्यावर लॉगिन नीट होतं. मॅनेजमेंट पोर्ट मात्र वेगळ्या व्हीआरएफमध्ये (त्याच स्विचवरच्या स्वतंत्र राउटिंग तक्त्यात) आहे, तिथे त्याच ॲडमिन मशीनवरून कनेक्शन नाकारलं जातं. ॲक्सेस-क्लासच्या कमांडला 'व्हीआरएफ-ऑल्सो' जोडायला हवं असं दिसतं, पण मग तीच यादी सगळ्या व्हीआरएफना लागू होईल ना? एकाच व्हीआरएफपुरती वेगळी यादी कोणी चालवतं का? आयपीव्ही६ साठीची यादीही दाखवलीत तर फार उपकार होतील. बदल करण्याआधी 'रीलोड इन १०' (१० मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट, म्हणजे बाहेर अडकलो तरी सेव्ह न केलेला बदल जाईल) देणार आहे.